संसर्गनियंत्रण, रुग्णालयीन (मिरज)

रुग्णालयात उपचार घेत असताना रुग्णाला, आणि कामाच्या ओघात कर्मचाऱ्यांना, जडणारा जंतुसंसर्ग टाळण्याच्या उपायांना रुग्णालयीन संसर्गनियंत्रण म्हणतात. दाखल होतेवेळी सुप्तावस्थेतही नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग रुग्णालयीन मानण्याचा प्रघात आहे. दक्षिण महाराष्ट्रात या उपायांचा सलग मागोवा घेता येतो तो मुख्यतः मिरजेत. तेथे ख्रिस्ती मिशनचे वॉनलेस रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी अध्यापनाची दोन केंद्रे एकापाठोपाठ उभी राहिली.

आरंभकाळ : डॉ. विल्यम वॉनलेस (१८६५–१९३३) १८८९ मध्ये भारतात आले. आधी सांगलीत काम करून ते मिरजेस गेले. तेथील रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. त्यासाठी जागा मिरज संस्थानाने दिली. वैद्यकीय साहाय्यक तयार करण्याचा वर्ग १८९७ च्या सुमाराचा. अध्यापन रुग्णालयाचा इतिहास कोठून मोजावा यावर एकमत नाही. एक मत १९६२ हे वर्ष धरते. त्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले व वॉनलेस रुग्णालयात त्याचे प्रात्यक्षिक शिक्षण होऊ लागले. दुसरे मत साहाय्यकांच्या वर्गापाशी जाते. संसर्गनियंत्रणापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पट्टी बांधणे, हत्यारे उकळणे, शस्त्रक्रियेचे थिएटर तयार करणे ही कामे पदवीधर डॉक्टरांपेक्षा साहाय्यक व परिचारिकांच्या हातून होतात, आणि ती हातानेच शिकवावी लागतात.

वॉनलेस यांचे शिक्षण झाले तो काळ संधिकालाचा होता. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांची कार्बॉलिक अम्ल या जंतुनाशकाची पद्धत १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली होती, पण हवेत कार्बॉलिकचा फवारा मारणे खुद्द लिस्टर यांनीच १८९० पर्यंत सोडून दिले. जखमेतील जंतू मारण्यापेक्षा ते जखमेत जाऊच न देण्याचा, म्हणजे वाफेने निर्जंतुक केलेल्या साहित्याचा, जर्मन शल्यविशारदांचा आग्रह १८८६ नंतर मान्यता पावत होता. मिरजेचे रुग्णालय सुरू झाले तेव्हा दोन्ही पद्धती प्रचारात असाव्यात. म्हणून तेथील पहिल्या दशकाला केवळ ‘कार्बॉलिकचा काळ’ म्हणणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

उकळणे व वाफ : मिरज समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर आहे. या उंचीवर पाणी १००° से.ला नव्हे, तर ९८° से.च्या आसपास उकळते. बहुतेक जंतूंच्या नाशाला तेवढे तापमान पुरते. धनुर्वात व वायुकोथ (गॅस गँग्रीन) यांच्या जंतूंची बीजुके, म्हणजे त्यांची चिवट सुप्त रूपे, मात्र पुऱ्या १००° से.लाही तग धरू शकतात. काचेच्या सिरिंजा व सुया स्टरिलायझरमध्ये उकळण्याची रीत एकवार वापराच्या सिरिंजा रुळेपर्यंत सर्वत्र होती. उकळणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, हे पाठ्यपुस्तकांत असूनही व्यवहारात उतरायला बराच काळ गेला.

ऑटोक्लेव्हलाही, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रालाही, उंचीचा हिशेब लागतो. तबकडीवरचा (दर चौरस इंचास) १५ पौंड दाब हा बाहेरच्या हवेच्या दाबावर चढलेला दाब असतो. समुद्रकाठी त्याला १२१° से. मिळतात, मिरजेत सुमारे १२०° से. एक अंश फार वाटत नाही. पण तेवढाच परिणाम साधायला वेळ जवळपास चतुर्थांशाने वाढवावा लागतो, किंवा दाब पौंडभर अधिक ठेवावा लागतो. जुन्या पुस्तकांतील ‘१५ पौंड, १५ मिनिटे’ हे सूत्र म्हणून तापमापकाशी ताडून पाहावे लागते. अर्थात मोठी चूक सहसा उंचीमुळे होत नाही, ती आत अडकलेल्या हवेमुळे होते. गॉज व कापड ठेवायचे ड्रम ठासून भरले की मधल्या थरांत वाफ शिरत नाही. ड्रमच्या अंगावरची भोके आत ठेवताना उघडी हवीत आणि बाहेर काढताच पट्टी सरकवून बंद करायला हवीत. कापड ओले निघाले तर तो ड्रम बाद. ऑटोक्लेव्ह टेपवरचे काळे पट्टे उष्णता लागल्याचे सांगतात, निर्जंतुकतेची ग्वाही देत नाहीत. ती ग्वाही उष्णतेला चिवट असलेल्या जीवाणूची बीजुके ठेवून घेतलेल्या चाचणीनेच मिळते.

धुरीचा वाद : फॉर्मॅलीन व पोटॅशियम परमँगनेट एकत्र करून थिएटर रात्रभर बंद ठेवण्याची धुरी (फ्युमिगेशन) महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली. एक पक्ष तिला आवश्यक मानतो, विशेषतः पू असलेल्या शस्त्रक्रियेनंतर. दुसऱ्या पक्षाच्या मते पृष्ठभाग नीट धुतलेले नसतील तर धुरी निरुपयोगी आणि धुतलेले असतील तर बहुधा अनावश्यक. फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला, त्यानंतर दुसऱ्या पक्षाचे पारडे जड झाले. थिएटरच्या जमिनीवरून दर आठवड्याला स्वॅब घेण्याच्या प्रथेबाबतही असेच मतभेद आहेत. जमिनीवरील जंतूंचा जखम चिघळण्याशी थेट संबंध क्वचितच जुळतो.

प्लेग व क्षय : मुंबईत १८९६ मध्ये उद्‌भवलेला प्लेग पुढील एकदोन वर्षांत दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांत पसरला. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने माणसांची ये-जा मोठी होती. प्लेगशी पिसवांचा संबंध फ्रेंच संशोधक सीमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवला, पण तो सर्वमान्य व्हायला आणखी दशकभर लागले. तोवर विलगीकरण, कार्बॉलिक आणि चुन्याचा हात यांवरच भिस्त होती.

सांगली व मिरज यांच्या दरम्यान वॉनलेसवाडी येथे १९२० च्या सुमारास क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले गेले. मोकळी हवा व ऊन हे तेथे उपचार म्हणून योजलेले होते. त्यांनी हवेतील क्षयजंतू विरळ होतात, हा संसर्गनियंत्रणाचा लाभ आनुषंगिक. घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातल्यांइतकेच बरे होतात, हे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवल्यावर अशा संस्थांची निकड ओसरली. समोरासमोरच्या खिडक्यांचे महत्त्व मात्र हवेतून पसरणाऱ्या संसर्गाविषयीच्या २०१० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पुन्हा अधोरेखित केले.

अलीकडील काळ : सांगली हा एचआयव्हीचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक असल्याने सार्वत्रिक दक्षतेचा नियम येथे केवळ परीक्षेपुरता राहण्यासारखा नव्हता. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य समजून हातमोजे घालणे, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावणे, सुई टोचल्यास शक्यतो दोन तासांत व उशिरात उशिरा ७२ तासांत एचआयव्हीविरोधी औषध सुरू करून ते २८ दिवस घेणे, हे त्याचे मुख्य भाग. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले व २०१६ मध्ये बदलले. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी न भेदता येणारा पांढरा डबा, काचेसाठी निळी खूण ही वर्गवारी वॉर्डातील मावशी व मामा यांच्या हाती असते. रुग्णालयाच्या संसर्गनियंत्रण समितीच्या बैठकीत ती ठरते, पाळली जाते ती पहाटेच्या सफाईत.

करोनाच्या साथीत जिल्ह्यातील पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये इस्लामपूर येथे आढळले आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयाचे कोविड रुग्णालयात रूपांतर झाले.