हलका ट्रिगर आणि चांगला ट्रिगर

“ट्रिगर एकदम मक्खन है भिया, उंगली रखी और छूटी.” जुनी एअर रायफल विकायला काढलेला माणूस इंदुरात हे वाक्य हमखास बोलतो. घेणाराही खूश होतो. वजनाला हलकी सायकल चांगली, तसा हलका ट्रिगर चांगला, असा आपला सरळ हिशेब असतो. मीही याच वाक्यावर एक रायफल घेतली होती. आधीच्या मालकानं कानस मारून ट्रिगरच्या आतली कड घासली होती. बोट टेकवलं की कधी सुटे, कधी नाही. तीन आठवड्यांत माझे ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे पुंजके, आधीच्या कडक ट्रिगरच्या रायफलीपेक्षा मोठे झाले, आणि मी दोष देत होतो श्वासाला.

मागच्या दिवाळीत भाची म्हणाली, “मामा, शाळेकडून ओपन साइटला उतरायचंय, रायफल बघू या.” ओपन साइट म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरायची स्पर्धा. ती नववीत आहे, राजेंद्र नगरात राहते. बजेट ताईनं ठरवून दिलेलं, म्हणजे वाढायची सोय नाही. म्हटलं, निदान या पोरीनं तरी ‘मक्खन’ शब्दाला भुलू नये.

आधी हा गोंधळ कुठून येतो ते बघू. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमानं किमान ५०० ग्रॅम वजन लागतं. स्पर्धेआधी ट्रिगरला वजन टांगून तपासतात. ते उचललं गेलं नाही तर पिस्तूल बाद. एअर रायफलला अशी खालची मर्यादाच नाही. त्यामुळे मोठे नेमबाज शंभर ग्रॅमच्या आसपासचे ट्रिगर वापरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की सगळी जादू त्या शंभर ग्रॅममध्ये आहे. तसं नाही. तो ट्रिगर आधी चांगला आहे, म्हणून इतका हलका करता येतो.

आत काय असतं? दोन पोलादी कडा एकमेकींत अडकलेल्या. त्यातल्या एकीच्या मागे स्प्रिंगचा किंवा हातोडीचा सगळा जोर असतो. आपण बोटानं दुसरी कड सरकवतो. ती निसटली की रायफल सुटते. हलका ट्रिगर म्हणजे ही कड सरकवायला लागणारा जोर कमी. चांगला ट्रिगर म्हणजे ती कड दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच जोरावर आणि न खरखरता निसटते. पहिली गोष्ट ग्रॅममध्ये मोजता येते. दुसरी बोटाला कळते आणि कागदावर दिसते.

पावसाळ्यात फुगलेलं दार आठवा. थोडं सरकतं, अडतं, पुन्हा सरकतं, आणि मग एकदम उघडून आपण तोल जाऊन आत. वाईट ट्रिगर असाच सरकत सरकत येतो. चांगला ट्रिगर शेंगेच्या टरफलासारखा असतो: दाब वाढत जातो, बोट मात्र हलत नाही, आणि मग कट्. टरफल कडक असेल किंवा मऊ, ते फुटणार कधी याचा अंदाज चार शेंगांत येतो.

मॅच रायफलीत, म्हणजे खास स्पर्धेसाठी बनवलेल्या रायफलीत, बहुधा दोन टप्प्यांचा ट्रिगर असतो. पहिला टप्पा लांब आणि अगदी हलका, मग बोटाला एक भिंत लागते. त्या भिंतीवर थांबून निशाणी (नळीवरची, नेम धरायची खूण) बघायची, आणि तिथून पुढे थोडासाच दाब. इथून जवळच महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाजीचं पथक, आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकचा रौप्यविजेता नेमबाज विजय कुमार तेव्हा तिथलाच. फौजेतून निवृत्त झालेले लोक याला ‘पहला दबाव, दूसरा दबाव’ म्हणतात, आणि मला वाटतं याहून नेमके शब्द नाहीत. घासलेल्या ट्रिगरमध्ये पहिला दबाव आणि दुसरा दबाव एकमेकांत मिसळून जातात. भिंतच राहत नाही. बोट कुठे थांबवायचं ते कळत नाही, म्हणून नेमबाज बोट ट्रिगरपासून लांब ठेवतो आणि ‘आला आला’ म्हणत झटका देतो. हलक्या ट्रिगरनं झटका लागण्याची गंमत अशी.

मग वजनाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो आकड्यांत बघण्यासारखा आहे. दहा मीटर रायफलीच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकला तर चालतं. दहा मीटरवरचे अडीच मिलिमीटर म्हणजे, रायफलीवरच्या पुढच्या-मागच्या दोन निशाण्यांत ऐंशी सेंटिमीटर अंतर धरलं, तर पुढच्या टोकाला जेमतेम ०.२ मिलिमीटर. दोन कागदांची जाडी. आता तीन किलोची साधी रायफल आणि दोन किलोचा ट्रिगर घ्या: बोट रायफलीच्या वजनाच्या दोन तृतीयांश जोर लावतंय, आणि तो सरळ मागे न जाता जरासा तिरपा गेला की दोन कागद कधीच संपले. पाच किलोच्या मॅच रायफलीवर शंभर ग्रॅमचा ट्रिगर असेल तर तोच जोर वजनाच्या पन्नासाव्या हिश्शावर येतो. म्हणून वजन मोजताना ट्रिगर एकटा धरू नका, रायफलीच्या वजनाशी ताडून बघा. हलक्या रायफलीवर पाऊण-एक किलोचा स्वच्छ ट्रिगर असला तर शाळेच्या पोरासाठी मी तो आनंदानं घेईन.

आता पैशाचं. परवान्याची भीती बऱ्याच आईबापांना असते: साडेचार मिलिमीटर बोअर (नळीचं भोक) आणि वीस ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. आणि ताकद जास्त म्हणजे रायफल चांगली, हा आणखी एक गैरसमज. जर्मन मॅच रायफली साडेसात ज्यूलच्या आतच बसतात. कागदाला भोक पाडायला तेवढं पुष्कळ.

सगळ्यात स्वस्त म्हणजे नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून, भरायची स्प्रिंगची देशी रायफल. तिचा ट्रिगर साधा, समायोजनाचा एखादा स्क्रू असला तर असला. स्प्रिंग सुटली की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलायला लागते, त्यामुळे ट्रिगर कितीही सुधारला तरी एका हद्दीपुढे ग्रुप लहान होत नाही. अशा रायफलीच्या ट्रिगरवर कानस चालवणाऱ्याला मी दोन हात लांबून नमस्कार करतो. नळी मोडलेली असताना घासलेली कड निसटली तर नळी जोरात वर येते, आणि बोटं मधे असतात. स्प्रिंगच्याच जातीत जर्मन वायराउखच्या रायफलींना ‘रेकॉर्ड’ नावाचा ट्रिगर येतो. तो दोन टप्प्यांचा आहे, स्क्रूनं जुळवता येतो आणि शंभर ग्रॅमच्या जवळही जात नाही, तरी जगभरचे लोक त्याचं नाव काढतात. हलका आणि चांगला यांतला फरक दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

वापरलेली जुनी मॅच रायफल हा माझा आवडता रस्ता. जर्मन फाइनवेर्कबाउ कंपनीची ३००एस ही स्प्रिंगचीच, पण तिचा वरचा भाग रुळावर बसल्यासारखा मागे सरकतो आणि धक्का खांद्यापर्यंत येतच नाही. ट्रिगर मॅचचा. सील बदलून घेतले की अजून कित्येक वर्षं चालते. हवेच्या सिलिंडरच्या जुन्या रायफली त्याहून सोप्या वाटतात, मात्र सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. स्पर्धेत दहा वर्षांपुढचं सिलिंडर चालत नाही, आणि नवीन सिलिंडरची किंमत ऐकली की स्वस्तात पडलेली रायफल स्वस्त राहत नाही. नवीच हवी असेल तर हॅमरलीची एआर२० ही नवशिक्यांसाठी काढलेली सिलिंडरची रायफल आहे. वाल्टर किंवा फाइनवेर्कबाउच्या वरच्या श्रेणीपेक्षा बरीच स्वस्त, आणि ट्रिगर जुळवता येणारा.

बट (खांद्याला टेकवायचा मागचा भाग), रंग, पट्टा यांवर मी काही बोलत नाही. बट आखूड-लांब होत असेल तर बरं, बास.

हातात घेऊन तपासायचं कसं? रेंजवर, रायफल टार्गेटकडे धरून, छर्रा भरूनच. स्प्रिंगची रायफल रिकामी सोडू नये, पिस्टन आत जाऊन आपटतो. सिलिंडरच्या मॅच रायफलीला ‘ड्राय’ची, म्हणजे छर्र्याशिवाय नुसता ट्रिगर दाबायची, सोय असते, तिथे हवं तेवढं करा. अगदी हळू दाबत जा आणि सुटेल असं वाटेल त्या क्षणी तोंडानं ‘आता’ म्हणा. दहा वेळा. ‘आता’ आणि आवाज एकत्र येत असतील तर ट्रिगर तुमच्याशी खरं बोलतोय. काही जण म्हणतात, गोळी सुटल्याचं आपल्यालाच नवल वाटायला हवं. सुरुवातीला झटका मोडायला ते ठीक. पण भिंत कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला नवल वाटायचं कारण नाही.

मग सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या आणि पाच वेळा वजन मोजा. ९००, ९१०, ८९०, ९००, ९०५ असे आकडे आले तर रायफल घ्या. ३००, ४५०, २५०, ४००, ३२० आले तर विकणाऱ्याला चहा पाजून परत या, सरासरी कितीही गोड दिसली तरी. माझ्या त्या मक्खन रायफलीचे आकडे मी फार उशिरा मोजले. सगळ्यात लहान १८०, सगळ्यात मोठा ५२०.

भाचीनं तीन रायफली बघितल्या. पहिलीची भिंत सापडेना, दुसरी तिच्या हाताला जड. तिसरी देशी स्प्रिंगचीच, एका मुलानं पीप साइटला (बारीक भोकातून नेम धरायच्या प्रकाराला) जायचं म्हणून विकायला काढलेली. पाचही वेळा काटा साडेनऊशेच्या आजूबाजूला, ‘आता’ दहात आठ वेळा बरोबर. त्या मुलाचे वडील म्हणाले, “थोडा कडक है बेटा, कहो तो ढीला करवा दूँ?”

“नहीं अंकल,” ती म्हणाली, “स्क्रू को हाथ मत लगाना.” घरी येताना तिनं उरलेल्या पैशांत छर्ऱ्यांचे चार डबे घेतले, आणि मामाच्या पैशांनी पोहे-जलेबी.