अर्थशास्त्रातील पदवीस्तरीय संशोधन-सहयोग

पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या चालू संशोधनात प्रत्यक्ष वाटा उचलतात, त्या पद्धतीला पदवीस्तरीय संशोधन-सहयोग म्हणतात. विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडून लिहिलेल्या प्रबंधिकेहून ती वेगळी आहे. येथे प्रश्न बहुधा प्राध्यापकाचा असतो आणि त्याच्या उत्तरापर्यंत कसे पोहोचतात, हे विद्यार्थी काम करताना शिकतो. या सहयोगाला संस्थेच्या नियमित कार्यक्रमाचे रूप देणाऱ्या आरंभीच्या उपक्रमांत, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने १९६९ साली सुरू झालेला, सर्व विद्याशाखांसाठीचा उपक्रम महत्त्वाचा आहे. अर्थशास्त्रातील संशोधन जसजसे प्रत्यक्ष आकडेवारीवर अधिक विसंबू लागले, तसतशी साहाय्यकांची गरजही वाढली.

विद्यार्थ्याकडे पूर्वीच्या लेखांचा आढावा, छापील तक्त्यांचे संगणकीय नोंदींत रूपांतर, स्टाटा, आर किंवा पायथन या संगणकीय साधनांतील आज्ञावली अशी कामे येतात. मात्र सर्वाधिक वेळ विदा (गोळा केलेली आकडेवारी) स्वच्छ करण्यात, म्हणजे तिच्यातील चुकीच्या आणि संदिग्ध नोंदी निस्तरण्यात जातो. हे काम दुय्यम समजणे चुकीचे आहे. सर्वेक्षणातील उत्पन्नाच्या रकान्यात शून्य दिसले, तर त्या व्यक्तीला उत्पन्नच नव्हते की तिने उत्तर दिले नाही, हे मूळ प्रश्नावली पाहूनच ठरवावे लागते. शिवाय विश्लेषणासाठी उत्पन्नाचा लॉगॅरिदम (गणितातील घातांक) घेतला की, शून्याचा लॉगॅरिदम काढता येत नसल्याने, शून्याच्या साऱ्या नोंदी गळतात आणि नमुन्यातून नेमके गरीब लोकच वगळले जाण्याचा धोका निर्माण होतो. असे निर्णय निष्कर्ष बदलू शकतात. म्हणून विद्यार्थ्याने केलेला प्रत्येक बदल कारणासह नोंदवून ठेवणे आणि प्राध्यापकाने तो तपासणे, हा या सहयोगाचा गाभा होय. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या नियतकालिकांत २०१९ च्या धोरणानुसार लेखाच्या अंतिम स्वीकृतीपूर्वी विदा आणि आज्ञावलींची पडताळणी होते, त्यामुळे अशा नोंदींचे महत्त्व आणखी वाढले आहे. व्यक्तिगत माहिती हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला गोपनीयतेचे नियमही पाळावे लागतात.

मोबदला मानधनाच्या किंवा अभ्यासक्रमातील श्रेयांकांच्या रूपाने मिळतो. श्रेयाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सोपवलेले काम पूर्ण करणाऱ्या साहाय्यकाचा उल्लेख सामान्यतः ऋणनिर्देशात होतो, तर प्रश्नाची मांडणी, पद्धतीची निवड किंवा लेखन यांत भरीव वाटा असल्यास सहलेखकत्व अपेक्षित असते. अर्थशास्त्रात सहलेखकांची नावे बहुधा आडनावांच्या वर्णानुक्रमाने छापली जातात. त्यामुळे नावाच्या क्रमावरून कोणाचे काम किती, हे वाचकाला कळत नाही आणि विद्यार्थ्याच्या वाट्याची खरी साक्ष प्राध्यापकाच्या शिफारसपत्रातूनच मिळते. सहलेखकत्वाच्या अटी काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवणे त्यामुळे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. पुढे पीएच.डी.कडे वळू इच्छिणाऱ्यांपैकी अनेक जण पदवीनंतर एक-दोन वर्षे पूर्णवेळ संशोधन साहाय्यक म्हणून काम करतात आणि त्या जागांसाठी होणाऱ्या निवडीत हा पदवीकाळातील अनुभव विचारात घेतला जातो.