अपडेटनंतर फोन ‘मुद्दाम’ स्लो करतात?

मोठं अपडेट टाकलं की फोन रेंगाळतो, तापतो, बॅटरी झरझर उतरते. म्हणजे कंपनीला नवा फोन खपवायचाय, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. पण पहिल्या एक-दोन दिवसांतला संथपणा बहुतेकदा तात्पुरता असतो. नवी सिस्टीम बसली की फोन मागच्या मागे फोटो-मेसेजची शोधसूची पुन्हा तयार करतो, ॲप्स नव्याने जुळवतो. फोन रात्रभर चार्जिंगला, वाय-फायवर ठेवा, बरंचसं उरकतं. घाईने फॅक्टरी रीसेट मारलात, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा केलात, तर तेच काम पुन्हा पहिल्यापासून!

संशयाला आधार मात्र आहे. जानेवारी २०१७ मधल्या आयओएस १०.२.१ या आयफोनच्या अपडेटपासून ॲपलने काही जुन्या आयफोनचा वेग खरोखरच आवरला होता आणि ते स्पष्ट कबूल केलं थेट डिसेंबरात, वेगाच्या चाचण्यांचे आकडे लोकांसमोर आल्यावर. कारण होतं झिजलेली बॅटरी: एकदम जास्त वीज लागली की ती पुरी पडेना आणि फोन मध्येच बंद पडे. न सांगता केलं, हा दोष खराच. पण बॅटरी बदलली की वेग परत यायचा.

तेव्हा आठवड्यानंतरही फोन रखडत असेल, तर आधी बॅटरीची अवस्था आणि स्टोरेजमधली मोकळी जागा तपासा.