गोल्डनला घरून अंघोळ घालून आणू नका

मार्च उजाडला की आमच्या ग्रूमिंग पार्लरमध्ये एकच मागणी येते: "त्याला फार उकडतंय, मशीन मारून एकदम बारीक करून द्या." गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याचे केस आम्ही असे भादरत नाही. त्याचं कारण या जातीच्या जन्मातच आहे.

ही जात रशियन सर्कशीतून आली, असं अजूनही काही जण सांगतात. तसं नाही. स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसजवळ गुशाखन इस्टेटीवर डडली मार्चबँक्स, म्हणजे पुढचे लॉर्ड ट्वीडमाउथ, यांनी ती घडवली. १८६५ मध्ये त्यांनी 'नाउस' नावाचा पिवळा रिट्रीव्हर घेतला आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीच्या 'बेल'शी त्याची जोडी लावली. १८६८ मध्ये पिवळी पिल्लं झाली. पुढे आयरिश सेटर आणि काळे रिट्रीव्हरही या वंशात मिसळले. ट्वीडमाउथांच्या हातच्या नोंदी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि सर्कशीची कथा मागे पडली.

कुत्र्याचं काम होतं शिकारीत पाण्यात पडलेला पक्षी दात न लावता आणून देणं. म्हणून अंगावर दोन थर: वर पाणी निथळून टाकणारे लांब केस, आत दाट मऊ लव. वरचा थर कातडीला उन्हापासूनही जपतो. भादरल्यावर तो कधी कधी नीट परत येत नाही, ठिगळं दिसतात. उकाड्यावर खरा उपाय म्हणजे आतली सुटलेली लव विंचरून काढणं.

इथेच बहुतेकांची चूक होते. आणायच्या आदल्या दिवशी घरी न विंचरता अंघोळ घालतात. सुटलेली लव भिजते, आवळते आणि वाळल्यावर नमद्यासारखी घट्ट बसते. कानामागे, काखेत, मांड्यांच्या झुपक्यांत बोट घालून पाहा, गाठ लगेच हाताला लागेल. मशीन मारायचं नाही म्हटल्यावर ती गाठ हातानेच सोडवावी लागते. कुत्रा वैतागतो, तुमच्यानंतरच्या ग्राहकाची वेळ टळते. गुंत्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो ते यासाठीच.

कुत्रा कोरडा आणा, मळका असला तरी चालेल. आम्ही आधी विंचरतो, मग अंघोळ, मग ड्रायरने कातडीपर्यंत सुकवतो. पावसाळ्यात हे सुकवणं फार महत्त्वाचं, कारण ओल राहिली की कातडीवर चट्टे उठतात. पंजे आणि शेपटीचे झुपके कात्रीने नीट करून देतो. घरी कुठला ब्रश वापरायचा तेही दाखवू. हवा असल्यास इथे मिळेल. पावसाळ्याआधीच्या वेळा लवकर भरतात, मे महिन्यातच फोन करून ठेवा.