फिरती वही: टपालाने फिरणाऱ्या कविता-चित्रवहीचे माहितीपत्रक

शाळा-कॉलेजातलं हस्तलिखित एका टेबलावर तयार होतं. फिरती वही घरोघर, पोस्टाने फिरत तयार होते. एकजण दोन पानं लिहितो किंवा रंगवतो आणि पुढच्याला पाठवतो. म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात: पान किती जाड होऊ द्यायचं आणि वही किती दिवस ठेवायची. बाकी नियम कमी केले तरी चालतात.

वहीची बांधणी

आमच्या वहीचा ए-५ आकार, २०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) २४ पानं, सहा-सहा पानांची चार जुजं (दुमडून एकात एक घातलेल्या कागदांचे गठ्ठे), दोऱ्याने शिवलेली. पानांच्या मध्ये १५ मिमी रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या दिसतील. पान फाटून उरलेलं थोटूक समजून त्या कापू नका. पानावर काही चिकटवलं की पान जाड होतं, पण पाठ, म्हणजे शिवलेली बाजू, तेवढीच राहते. मग वही समोरून ‘आ’ वासते आणि दोरा ताणून तुटतो. या पट्ट्यांनी पाठीत तेवढी जागा आधीच राखलेली असते. एका पानामागे एक पट्टी आहे, तेव्हा चिकटवलेल्या कामाची जाडी त्या पानाच्या जाडीएवढीच ठेवा. वही मिटून टेबलावर आडवी ठेवा. तोंडाशी ५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर काहीतरी काढावंच लागेल.

माणसं आणि दिवस

सहा जण पुरे. प्रत्येकाकडे दहा दिवस आणि टपालाचे पाच धरले, तर एक फेरी ९० दिवसांत होते. दोन फेऱ्या केल्या की प्रत्येकाच्या वाट्याला चार पानं येतात. आमच्या मते वही टपालात क्वचित हरवते. ती अडकते कुणाच्या तरी कपाटात, ‘रविवारी निवांत बसून करू’ म्हणत. दहाव्या दिवशी पान अर्धं असलं तरी पुढे पाठवायचं, हे पहिल्याच पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याखाली तक्ता आखा: नाव, वही आली ती तारीख, पाठवली ती तारीख, टपालाचा क्रमांक.

कवितेची साखळी

जपानमध्ये रेंगा ही साखळी-कविता अशीच अनेक जण मिळून रचायचे. जपानी कवी बाशोच्या काळात ३६ कडव्यांचा ‘कासेन’ रूढ झाला. सहा जणांना त्यासाठी सहा फेऱ्या, म्हणजे दीड वर्ष लागेल. दोन फेऱ्यांत १२ कडवी होतात, तेवढी पुरेत. मराठीत यासाठी देवद्वार छंद सोयीचा: ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक.

पत्र्यावर थेंब / वाजे रात्रभर / ओले झाले घर / उशीसुद्धा

पुढच्याने यातला एकच धागा उचलायचा:

उशीखाली जुने / दुमडले पत्र / उलगडे रात्र / हळूहळू

तिसऱ्याने पत्र घ्यावं, पावसाकडे परत जाऊ नये. मागच्या कडव्याला धरायचं, त्याच्या आधीच्याला सोडायचं, हा रेंगाचा नियम. तो मोडला की सहा जण मिळून एकाच पावसावर कविता लिहितात.

चित्रासाठी पानाची उजवी कड मोकळी ठेवा आणि दोन-तीन रेषा कडेपर्यंत नेऊन सोडा. पुढचा त्याच रेषांपासून पुढच्या पानावर सुरुवात करतो. पूर्ण भरलेलं, चौकट आखलेलं पान दिसायला छान असतं, पण पुढच्याला त्यात शिरायला वाव राहत नाही.

रंग, शाई, डिंक

अ‍ॅक्रिलिक रंग हाताला वाळल्यासारखा वाटतो, पण दाबाखाली आणि उकाड्यात समोरच्या पानाला चिकटतो. थर पातळ ठेवा, दोन दिवस वही उघडी राहू द्या आणि मध्ये बेकिंगसाठी मिळणारा सिलिकॉनचा कागद घाला. ऑइल पेस्टल शेवटपर्यंत पुसत राहतं, ते टाळलेलं बरं. कोळसा आणि सुका खडू फिक्सेटिव्ह (रंग पुसू नये म्हणून मारायचा फवारा) मारूनच वापरा. अल्कोहोल मार्कर मागच्या पानावर उतरतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्याचंही पान वापरता. फाउंटन पेनची साधी शाई ओलाव्याने पसरते. कवितेसाठी पिगमेंट शाईचं पेन घ्या.

फेविकॉल सरळ बाटलीतून ओतला की कागद सुरकुततो. ग्लू स्टिक घ्या किंवा ब्रशने पातळ हात द्या, मधून कडेकडे, आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो. घरी शिजवलेली मैद्याची खळ कागदाला चांगली, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि कसर लागते. बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका. पानं-फुलं दोन-तीन आठवडे दाबून पूर्ण सुकवलेलीच लावा. टिकल्या, मणी, पिना नकोत. टपालात गठ्ठ्याखाली वही दबते आणि मण्याचा वळ पुढच्या चार पानांवर उठतो.

पाठवताना

आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून गटावर टाका. मग वही स्पीड पोस्ट करा. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं. ज्याचं नाव त्याच्याच हाती वही पडावी असं वाटत असेल, तर नोंदणीची जादा सेवा खिडकीवर मागून घ्या. दराचे टप्पे ५०, २५० आणि ५०० ग्रॅमचे आहेत. कोरी वही सुमारे २६० ग्रॅम, वेष्टन ६०. म्हणजे सगळ्यांच्या रंगकामाला मिळून साधारण १८० ग्रॅम उरतात.

आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग दोन्ही बाजूंना वहीपेक्षा चारी कडांनी १० मिमी मोठा पुठ्ठा, वरून कापडी अस्तराचं पाकीट. पुठ्ठा वहीच्या मापाचा कापला तर मार कोपऱ्यांनाच बसतो. पिनकोड आणि मोबाइल नंबर पाकिटावर लिहाच, शिवाय पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा. पाकीट फाटलं तर तीच उपयोगी पडते.

दुबईत किंवा न्यू जर्सीत कुणी असेल तर वही तिकडे पाठवू नका. दर जास्त, वर कस्टम्सचं घोषणापत्र. त्यांनी १४० × २०० मिमीचा सुटा कागद पाठवावा. त्याची डावी कड १० मिमी डिंक लावून पट्टीवर चिकटवा, पान नीट उलटतं.

दोरा सुटला तर वही आमच्याकडे पाठवा, जुज पुन्हा शिवता येतं. पाठीत फेविकॉल मात्र ओतू नका. तो वाळून कडक होतो आणि उसवताना कागद घडीवरच फाटतो.