परमिट म्हणजे परदेशी लायसन्स नव्हे

बडोद्याच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात घरटी कुणीतरी मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेलं असतं. त्यांच्याकडून वर्षानुवर्षं ऐकू येतं: ‘आंतरराष्ट्रीय परमिट काढलं की जगात कुठंही गाडी चालवा, मूळ लायसन्स घरी ठेवलं तरी चालतं.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

परमिट हा आपल्या भारतीय लायसन्सला जोडलेला कागद आहे. एकट्यानं त्याला किंमत नाही. दोन्ही सोबत हवेत. रस्ते वाहतुकीबाबतच्या १९४९च्या जिनिव्हा करारानुसार ते आरटीओ देतं, फी १,००० रुपये, मुदत फार तर एक वर्ष. इंटरनेटवर ‘दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्यांना कृपया पैसे देऊ नका. चीनमध्ये तर खरं परमिटही चालत नाही. अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे, तेव्हा जिथं जाणार त्या राज्याचा नियम आधी पाहा.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. परमिटसाठी तिथल्या नियमांची परीक्षा होत नाही. पिवळी स्कूलबस लाल दिवे लुकलुकवत थांबली, की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं असतं. आपल्याकडे अशी सवयच नाही. आणि त्या क्षणी रस्ता ओलांडणारी मुलं असतात. ‘स्टॉप’च्या पाटीशीही, रस्ता रिकामा असला तरी, चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. तिथं उजव्या बाजूनं चालवायचं असल्यामुळे डावं वळण घेताना चुकीच्या लेनमध्ये शिरण्याचा धोका सर्वांत मोठा. पहिले काही दिवस मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवूनच चालवा.