डोक्याच्या मारासाठीची रक्ततपासणी : सॅम्पलसोबत मार लागल्याची वेळ का हवी

कराड, पाटण आणि परिसरातील डॉक्टर, रुग्णालयांतील कर्मचारी व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या रक्तातील एस-१०० बी या, मेंदूला इजा झाल्यास रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची तपासणी आमच्या प्रयोगशाळेत होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही या तपासणीची जी सॅम्पले येतात, त्यांतील बऱ्याच सॅम्पलांच्या फॉर्मवर एक रकाना रिकामा असतो आणि त्या एका रकान्यापायी रुग्णाचे तास वाया जातात. तो रकाना म्हणजे मार लागल्याची वेळ. रक्त घेतल्याची वेळ सर्वजण काळजीपूर्वक लिहितात, परंतु ती पहिल्या वेळेची जागा घेऊ शकत नाही.

गेल्या गळीत हंगामातील एक प्रसंग सांगतो. ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकून पडलेल्या एका तरुणाचे सॅम्पल सकाळी ११ वाजता आमच्याकडे आले. ट्यूब नीट भरलेली होती, लेबलवर नाव, वय आणि रक्त घेतल्याची वेळ १०.२० अशी सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. मार लागल्याच्या वेळेसमोर मात्र ‘रात्री’ एवढा एकच शब्द होता. तपासणीत मूल्य आले लिटरला ०.०७ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१० या मर्यादेखाली. अपघात पहाटे पाच वाजता झाला असेल, तर रक्त सहा तासांच्या आत घेतलेले ठरते आणि या आकड्याला अर्थ राहतो. तोच अपघात रात्री नऊ-दहाचा असेल, तर मेंदूतून रक्तात उतरलेले प्रथिन एव्हाना मूत्रपिंडावाटे निघून गेलेले असू शकते आणि हाच ०.०७ रुग्णाला खोटा दिलासा देतो. आम्ही वॉर्डात फोन केला, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर घरी गेल्या होत्या. नातेवाईक सकाळी आलेले असल्यामुळे त्यांनाही नेमके सांगता येईना. अखेर ज्या ट्रॅक्टरचालकाने त्या तरुणाला उचलून दवाखान्यात आणले होते, त्याचा नंबर मिळवून विचारले, तेव्हा एक वाजता समजले की अपघात रात्री साडेनऊचा होता. म्हणजे या तपासणीचा काहीच उपयोग नव्हता, रुग्णाला थेट सीटी स्कॅनसाठी न्यायला हवे होते. आमचे यंत्र १८ मिनिटांत मूल्य देते, रक्त गोठणे आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून त्यातील सीरम (वरचा पातळ भाग) वेगळे करणे धरूनही काम तासाभरात होते. त्या दिवशी एक वेळ शोधण्यात दोन तास गेले.

सहा तासांची मर्यादा आम्ही आमच्या सोयीने ठरवलेली नाही. एस-१०० बी हे मेंदूतील आधारपेशींमधून बाहेर पडते, रक्तात लवकर येते आणि तितक्याच लवकर ओसरते. दर तास-दीड तासाला त्याचे प्रमाण साधारण निम्म्यावर येते. स्कँडिनेव्हियातील तज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किरकोळ मार लागलेल्या, शुद्धीवर असलेल्या आणि इतर कोणताही धोका नसलेल्या प्रौढ रुग्णाचे रक्त सहा तासांच्या आत घेतले आणि मूल्य लिटरला ०.१० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले, तर सीटी स्कॅन टाळता येतो. यांतील प्रत्येक अट आवश्यक आहे. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, त्याला आकडी (फिट) आली असेल, हातापायांत लुळेपणा वाटत असेल किंवा कवटी फुटल्याची खूण दिसत असेल, तर आमच्याकडे सॅम्पल पाठवण्यात वेळ न घालवता सीटी स्कॅन करावा. आमचे एक सॅम्पल कमी झाले तरी चालेल.

मूल्य जास्त आले म्हणून मेंदूला इजा झालीच आहे, असे समजून घाबरून जाऊ नये. हे प्रथिन चरबीत आणि त्वचेच्या रंगपेशींतही असते, त्यामुळे मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णात डोके ठणठणीत असूनही आकडा वाढतो. दोन वर्षांखालील मुलांमध्ये ते मुळातच अधिक असते, म्हणून प्रौढांची मर्यादा त्यांना लावता येत नाही.

‘अमेरिकेत निघालेली नवी टेस्ट तुमच्याकडे होते का?’ असे हल्ली वारंवार विचारले जाते. ती तपासणी जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या, मेंदूच्या इजेनंतर रक्तात येणाऱ्या दोन प्रथिनांची आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला प्रथम फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली, तीही मार लागल्यापासून १२ तासांच्या आत घेतलेल्या रक्तासाठी. पुढे २०२४ मध्ये रुग्णाशेजारीच सुमारे १५ मिनिटांत उत्तर देणाऱ्या कार्ट्रिजला २४ तासांपर्यंतची मुभा मिळाली. २०१८ च्या परवानगीमागील अभ्यासात तपासणी निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९९.६ टक्के रुग्णांचे सीटी स्कॅन स्वच्छ निघाले होते. ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु त्याच अभ्यासात, ज्यांचे स्कॅन स्वच्छ होते अशांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांचीच तपासणी निगेटिव्ह आली होती. म्हणून या तपासणीचेही काम सीटी कोणाला नको हे सांगण्याचे आहे. इजा किती आहे हे स्कॅनच सांगतो. यूसीएच-एल१ आठ तासांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि जीएफएपी वीस तासांच्या आसपास, त्यामुळे मार लागल्याची वेळ येथेही तितकीच महत्त्वाची आहे. ही तपासणी आम्ही स्वतः करत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यास सॅम्पल योग्य तापमानात बाहेर पाठवण्याची सोय करतो आणि उत्तर किती वेळात येईल हे आधी स्पष्ट सांगतो, कारण उशिरा येणाऱ्या उत्तरावर तातडीचा निर्णय अवलंबून ठेवणे बरोबर नाही.

मज्जारज्जूला मार लागलेल्या रुग्णांचे नातेवाईक जे विचारतात, त्याचे उत्तर देणे आम्हाला सर्वांत जड जाते. नारळाच्या झाडावरून पडलेल्या एका गृहस्थांचा मुलगा रक्ताची ट्यूब हातात घेऊन स्वतः आला होता. ‘दादांचे पाय परत चालतील का, एवढेच यातून सांगा,’ असे तो म्हणत होता. हे सांगणारी मान्यताप्राप्त रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. जीएफएपी आणि मज्जातंतूंच्या धाग्यांतून सुटणारे न्यूरोफिलामेंट यांचे रक्तातील प्रमाण इजेच्या तीव्रतेप्रमाणे वाढते, असे संशोधनात दिसते आहे आणि त्याबद्दल आम्हालाही मोठी आशा आहे. तरी एका रुग्णाबद्दल, एका आकड्यावरून निश्चित बोलता येईल अशी स्थिती अद्याप आलेली नाही. तेथे एमआरआय आणि डॉक्टरांनी संवेदना व ताकद तपासून ठरवलेली ए (सर्वांत गंभीर) ते ई (सामान्य) ही श्रेणी यांवरच विसंबावे. त्या मुलाकडून आम्ही पैसे घेतले नाहीत आणि सॅम्पलही लावले नाही. या कारणासाठी कोणी महागडी रक्ततपासणी सुचवली, तर तिच्या उत्तराने उपचारांत काय बदलणार आहे, हे अवश्य विचारावे.

वेळ न लिहिलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट आम्ही रोखून धरतो, यावरून काही जण नाराज होतात. ‘आकडा द्या, पुढचे आम्ही बघतो,’ असे आम्हाला ऐकवले जाते. परंतु नुसता आकडा हातोहात पुढे जातो, त्यामागची अडचण सोबत जात नाही, म्हणून हा नियम आम्ही मोडत नाही. नेमकी वेळ ठाऊक नसेल, तर रुग्णाला शेवटचे ठीकठाक कोणी आणि किती वाजता पाहिले, ते लिहावे. आम्ही तीच वेळ धरून चालतो. रुग्णाला आणणाऱ्या माणसाचा मोबाईल नंबर फॉर्मच्या मागे लिहून ठेवल्यास त्याचाही फार उपयोग होतो.

एनएसई (मज्जापेशींतील न्यूरॉन-स्पेसिफिक एनोलेज हा घटक) ही तपासणी सांगितली असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. हा घटक तांबड्या पेशींत भरपूर असतो, त्यामुळे बारीक सुईतून जोराने ओढलेले किंवा ट्यूब जोरात हलवल्यामुळे हिमोलाइझ झालेले, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेले रक्त मूल्य खोटेच वाढवते. सीरम गुलाबी दिसले की ते सॅम्पल आम्ही परत पाठवतो. नव्याने घेतलेल्या सॅम्पलचे वेगळे शुल्क लावत नाही.

नियमित सॅम्पले पाठवणाऱ्या रुग्णालयांना आम्ही ट्यूब, पिशवी आणि फॉर्म असा संच विनामूल्य देतो, आणि रात्रीही आमचा माणूस सॅम्पल न्यायला येतो. नव्या फॉर्मवर मार लागल्याच्या वेळेचा रकाना नावाच्याही वर, लाल चौकटीत घेतला आहे. जुने फॉर्म कपाटात शिल्लक असतील, तर ते आमच्या माणसाजवळ द्यावेत, तो त्याच फेरीत नवे देऊन जाईल.